लाम्ब्रीनीची दोन बोटं

लाम्ब्रीनी अक्रोडाच्या झाडावरून पडली तेव्हा शिडी मीच धरली होती. म्हणजे धरायला हवी होती. मी काडी पेटवत होतो. पडता पडता ती ओरडली. देवाचं नाव नाही, आईचं नाही. "हात!" एवढंच ओरडली.

माणूस पडताना डोकं वाचवतो. हिने उजवा हात पोटाशी कवटाळला आणि सगळा भार डाव्यावर घेतला. योआनिना शहरातल्या इस्पितळात त्या मनगटात एक पट्टी आणि सात स्क्रू बसवले. प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, आणि चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, दोन बोटं हलतात हेच नशीब समजा, वजन मात्र आयुष्यात उचलायचं नाही. एक किलोसुद्धा नाही. तिचा डफ सव्वा किलोचा आहे.

मी कित्सो. धंद्याने गवंडी, दगडाच्या भिंती बांधतो, आणि जत्रेत लाउतो वाजवतो, म्हणजे आमच्याकडचं लांब दांड्याचं तंतुवाद्य. लाम्ब्रीनीच्या लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावरचे मुकुट मी बदलले. तेव्हापासून ती मला 'कुंबारे' म्हणते आणि मी तिला 'कुंबारा'. हे नातं सख्खं नाही, पण ग्रीसच्या आमच्या एपिरस भागात सख्खी माणसं जेवढं भांडत नाहीत तेवढं कुंबारे भांडतात, आणि भांडून झाल्यावर एकमेकांच्याच घरी जेवतात.

तर हा डफ तिच्या बापाचा. बाप गेला तेव्हा ती चौदाची होती. बाईने नाचावं, वाजवू नये, असं म्हणणारे पाचपंचवीस म्हातारे तेव्हा गावात होते. ते सगळे मेले, आणि त्यातल्या निम्म्यांच्या नातवांच्या लग्नात हिने डफ वाजवला. पहाटे बेकरीत पाव भाजायचे आणि संध्याकाळी डफ घेऊन बसायचं, चौतीस वर्षं हाच तिचा दिनक्रम. आमच्या ताफ्यात लाझारोसचा क्लॅरिनेट, एक व्हायोलिन, माझा लाउतो आणि हिचा डफ. आवाज क्लॅरिनेटचा मोठा, पण माणसं नाचतात डफावर. हे लाझारोसला सांगायचं नाही. त्याला क्लॅरिनेट फुंकायला जेवढी हवा लागते तेवढीच डोक्यातही भरलेली आहे.

फेब्रुवारीत त्याने आम्हाला कॉफीहाउसात बोलावलं.

"पंधरा ऑगस्टच्या जत्रेला योआनिनाहून एक ड्रमवाला येईल," तो म्हणाला. "लाम्ब्रीनी, तू आमच्याशेजारी खुर्ची टाकून बस. पाहुणी म्हणून. मान तोच."

"माझ्या गावच्या जत्रेत मी पाहुणी?"

"मग काय करू? तो स्टँड लावून बघितला ना आपण?"

बघितला होता. डफ लोखंडी स्टँडला बांधला, तर कातड्याचा गळाच आवळला गेला. पत्र्याच्या थाळीवर चमचा मारल्यागत वाजायला लागला. डफ हातात तिरपा होतो, सरळ होतो, डाव्या हाताची बोटं कडेच्या चकत्यांना मधूनच गुदगुल्या करतात, तेव्हा तो बोलतो. खांबाला बांधलेला डफ बोलत नाही.

"मी इलेक्ट्रॉनिक पॅड घेणार आहे," लाम्ब्रीनी म्हणाली.

लाझारोस हसला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. "ते काय, प्लास्टिकचा पोळपाट," मी म्हणालो.

"लाम्ब्रीनी," लाझारोस म्हणाला, "आमच्यात वादकाला दाद कशी देतात? नाव घेऊन ओरडतात. 'या सू, लाझारोस! या सू, कित्सो!' आजवर कोणी यंत्राचं नाव घेऊन ओरडलंय? फ्रीजला कोणी 'या सू', जियो, म्हणतं का?"

"मला म्हणतील."

"ठीक आहे. वीस जुलैला संत एलियाची जत्रा. तिथे त्या डब्यावर वाजव. नाचणाऱ्यांपैकी एकाने जरी तुझं नाव घेतलं, तरी पंधराला जागा तुझी. आमच्यापैकी कोणी नाही हं. या कित्सोने तर मुळीच नाही."

"कबूल," ती म्हणाली आणि कॉफी अर्धी टाकून उठली. कॉफी टाकणारी बाई नाही ती. तेव्हाच मला कळलं, हे प्रकरण वाढणार.

योआनिनातलं वाद्यांचं दुकान पेरिक्लिस नावाच्या माणसाचं. पन्नाशीचा, केस रंगवलेले, बोलणं लोण्यासारखं. त्याने काउंटरवर पहिलं पॅड ठेवलं. नऊ रबरी चौकोन, भोवती दिवेच दिवे.

"ताई, सगळे व्यावसायिक हेच नेतात. चारशे आवाज, शंभर ताल. हे बटण दाबा." त्याने दाबलं आणि मशीन आपलं आपण त्सामिको वाजवायला लागलं. तो आमचा उड्यांचा नाच. माझा पाय हलायला लागला, कबूल करतो.

"नाचणारा मध्येच थांबला तर हे थांबतं का?" लाम्ब्रीनीने विचारलं.

"थांबत नाही, पण..."

"मग बंद कर."

पेरिक्लिसने बंद केलं आणि काठ्या पुढे केल्या. तिने काठ्या बाजूला सारल्या, डावा हात रबरावर ठेवला आणि त्या दोन बोटांनी हळूच टोकलं. काही नाही. परत टोकलं. मशीन ढिम्म.

"जरा जोरात मारा की, ताई."

"जोर असता तर तुझ्या दुकानात कशाला आले असते?"

त्याने कुठला तरी आकडा वाढवला. म्हणाला, आता याचे कान टवकारलेत. खरंच, दोन बोटांचा आवाज यायला लागला. मग तिने उजव्या हाताने शेजारच्या चौकोनावर एक ठोका दिला, तर तो वाजलाच, वर आजूबाजूचे तीनही बोंबलले.

"याला मारलं की शेजारी रडतात," लाम्ब्रीनी म्हणाली. "दुसरं काढ."

दुसरं मोठं होतं आणि जड. त्यात आपले आवाज भरता यायचे, पण एका चौकोनात एकच. हळू मारलं तरी तोच, जोरात मारलं तरी तोच, फक्त लहान-मोठा. तिने बोटांची फिरकी घेतली, म्हणजे एकामागून एक भरभर बारीक ठोके. सगळे ठोके एकाच साच्यातून काढल्यासारखे निघाले. शिवणयंत्र चालल्यासारखं टरटरलं. त्यातून बोट लागलं आणि आवाज आला यात केसाएवढी फट होती. मला ऐकू आली नाही. तिला आली.

मला भूक लागली होती. पार्किंगची वेळ संपत आली होती. "कुंबारा, घे गं एखादं," मी म्हणालो. "एकोणीस-वीसचा फरक पडतो, बाकी डबा तो डबाच."

"कुंबारे, तू भिंत बांधताना हाताला येईल तो पहिला दगड लावतोस?"

कपाळ माझं! मी जाऊन पार्किंगचे पैसे पुन्हा भरून आलो.

रिकाम्या हाताने परत आलो. पेरिक्लिसने तीन आठवड्यांनी फोन केला, की थेसालोनिकीहून एक मागवलंय, लहान आहे, हातांनीच वाजवायचं, पण सजावट काही नाही, तयार ताल नाहीत, लोक घेत नाहीत. आम्ही पुन्हा गेलो. खरंच, दिसायला अगदीच बापुडवाणं. आठ चौकोन. प्रत्येकात आपलेच तीन आवाज भरायचे, हलका, मध्यम, जोराचा, आणि हात जेवढा पडेल त्याप्रमाणे पॅड स्वतःच निवडणार. तळहात टेकवला की आवाज मिटायचा, कातड्यावर हात ठेवल्यासारखा. घरी एक वायर संगणकाला जोडली की वाजवलेलं नोंदवूनही घेता येणार.

तिने हेडफोन घातले, डोळे मिटले आणि ती दोन बोटं चौकोनावर ठेवली. दाबलीसुद्धा नाहीत, नुसती टेकवली. मला अर्थातच काही ऐकू येत नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. इस्पितळापासून ते तोंड आवळलेलं होतं, ते सुटलं.

"ऐकतंय," ती म्हणाली. "कुंबारे, हे माझं ऐकतंय."

किंमत सगळ्यात जास्त त्याचीच निघाली, हे वेगळं सांगायला नको.

आता आवाज भरायचे. डब्यातले तयार डफ तिने ऐकले आणि म्हणाली, हे डफ कोणी हातात धरलेले नाहीत. तिला बापाचाच डफ हवा होता, एकेक ठोका करून. बेकरीमागच्या तिच्या स्वयंपाकघरात आम्ही भिंतींना लोकरीचे जाड गालिचे टांगले. तिच्या नवऱ्याला, फोतिसला, सांगितलं की शेळ्या डोंगरावर ने, घंटांचा आवाज येतो. घुरघुर नको म्हणून फ्रीज बंद केला, आणि तो परत लावायला विसरलो. दोन किलो फेटा चीज गेलं. फोतिस कधी बोलत नाही, त्या दिवशी बोलला.

मायक्रोफोन लागला, सगळं जमलं, आणि लाम्ब्रीनीने डफ माझ्यापुढे केला.

"धर."

"मी?"

"मग काय शेळी धरणार?"

तो डफ तिच्या बापानंतर तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी हातात घेतलेला नाही. माझे हात दगड उचलणारे. मी धरला तर ती ओरडली, "एवढा घट्ट नको! मांजरीचं पिल्लू धर तसा." सहा आठवडे मी ते मांजरीचं पिल्लू धरून उभा होतो. उजव्या हाताचा मधला ठोका, कडेचा ठोका, थाप, फिरकी. प्रत्येक हलका, मध्यम, जोराचा. प्रत्येक सातसात वेळा. मग डाव्या हाताची चकत्यांवरची सळसळ, त्या दोन बोटांनी. ती करताना तिचं मनगट ठणकायचं. ती दात खायची, बर्फ बांधायची, आणि पुन्हा "धर" म्हणायची. मी म्हणालो, आज पुरे. ती म्हणाली, तुझे हात दुखत असतील तर सांग. बाई आहे की लोखंड!

कितवा ठोका चांगला आला हे वहीत लिहायचं काम माझं. आणि तिथेच मी माती खाल्ली.

मधल्या ठोक्याचा जोराचा प्रकार घेताना तिने असा एक हात टाकला की तो माझ्या मनगटातून छातीत आला. जत्रेत बसल्यासारखं वाटलं. चाळीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "या सू, लाम्ब्रीनी!"

"कुंबारे! तोंड!"

"चुकलो, चुकलो. पुढचा घे."

पुढचे घेतले. शेवटी तिने विचारलं, "सगळ्यात चांगला कितवा?"

"चौथा."

"आणि तू बोंबललास तो कितवा?"

"पाचवा," मी म्हणालो.

"नक्की? शेवटपर्यंत ऐकलास?"

"ऐकला गं बाई!" ऐकला नव्हता. टेबलावर पालक भरून भाजलेली पीता गरम होती आणि माझं लक्ष तिच्यात होतं. चांगला ठोका चौथा होता आणि म्हणूनच मी चौथ्यालाच ओरडलो होतो. एवढी साधी गोष्ट या डोक्यात आली नाही. चौथा डब्यात गेला. पुढे सराव तिने घरी हेडफोन लावून, हलक्या हाताने केला. स्वयंपाकघरात पूर्ण जोर लावून कोण वाजवतं?

वीस जुलै. टेकडीवरच्या चॅपलमध्ये प्रार्थना झाली, पाद्रीबुवांनी पाव आशीर्वादून वाटले, आणि भर दुपारी ओकच्या सावलीत आम्ही खुर्च्या मांडल्या. जनरेटर पार चॅपलच्या मागे. लाम्ब्रीनीने पॅड मांडीशेजारच्या तिकाटण्यावर ठेवलं. आणि डफ? तो पण आणला होता. खुर्चीच्या पाठीला टांगला होता.

दोन तास वाजवलं. चांगलं वाजवलं तिने, मी लाउतोवाला आहे, मला कळतं. पण लोक त्या डब्याकडे मायक्रोवेव्हकडे बघावं तसे बघत होते. "या सू, लाझारोस!" झालं. "या सू, कित्सो!" झालं. व्हायोलिनचंसुद्धा नाव घेतलं कोणीतरी. लाम्ब्रीनीचं कोणी घेईना. लाझारोस माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. मला त्याच्या क्लॅरिनेटमध्ये माती भरावीशी वाटत होती.

मग एका दांडग्या नाचणाऱ्याने त्सामिको मागितला. उड्या मारायला लागला, टाचा आपटायला लागला. लाम्ब्रीनीने पाहिलं, हाच क्षण. तिने उजवा हात खांद्यापासून उचलला आणि मधल्या ठोक्याच्या चौकोनावर घातला.

ढम्म. आणि दोन्ही स्पीकरमधून, टेकडीभर, माझा आवाज: "या सू, लाम्ब्रीनी!"

सगळे माझ्याकडे वळले. माझं तोंड बंद होतं, दातांत काडी होती. तेवढ्यात त्याच हाताचा दुसरा ठोका पडून गेला होता. "या सू, लाम्ब्रीनी!"

काय सांगू! लोक पोट धरून हसले. एकजण ओरडला, "स्वतःचं कौतुक डब्यात भरून आणलंय!" लाझारोसने क्लॅरिनेट तोंडातून काढला. तो हसत नव्हता.

"ही लबाडी आहे, लाम्ब्रीनी. तुझ्याकडून मला ही अपेक्षा नव्हती."

मी उठलो. "चूक माझी आहे. मी वहीत..."

"कित्सो, बस," लाम्ब्रीनी म्हणाली.

कुंबारे नाही. कित्सो. तीस वर्षांत तिने मला नावाने हाक मारली नव्हती. मी बसलो.

तिचे कान लाल झाले होते. तो आवाज तिथल्या तिथे काढता येत नव्हता; संगणक घरी. म्हणजे एकच इलाज, जोराने मारायचंच नाही. आणि जोराचा ठोका नाही तर डफाला पोटच नाही.

"सावकाश, तीन पावलांचा नाच वाजव," ती लाझारोसला म्हणाली.

"त्या नाचाला तर ठोका भरीव लागतो. कशाने देणार आहेस?"

"तू वाजव म्हणते ना."

तो नाच आमच्या गावात वासिलोमावशीशिवाय कोणी पुढे राहून नेत नाही. त्र्याऐंशी वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. काठी पाद्रीबुवांच्या हातात दिली, रुमाल घेतला आणि पुढे आली. या नाचात वाजवणाऱ्याने पुढच्या नाचणाऱ्याच्या पायाकडे बघायचं असतं. पाय टेकला की ठोका. तो टेकत नाही तोवर ठोका नाही. हे आमचं शास्त्र.

मावशीने पाय उचलला आणि टेकवलाच नाही. वरच ठेवला. क्लॅरिनेट एका सुरावर थांबला. मागची पन्नास माणसं हातात हात घालून थांबली. लाम्ब्रीनीचा डावा हात पॅडच्या वर, हवेत. ती थांबली. मावशीचं पाऊल गवताला लागलं आणि त्याच क्षणी ती दोन बोटं रबराला लागली.

चकत्यांची बारीक सळसळ झाली. तेवढीच. तिच्या बापाच्या डफाची, माझ्या हातातल्या. इतकी हलकी की जनरेटरचा आवाज मागे ऐकू यावा, आणि तरी टेकडीच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचली. पुढचं पाऊल, पुढची सळसळ. मधला ठोका ती तळहाताने, कुजबुजल्यासारखा देत होती. हसणारे रांगेजवळ सरकले. मी तारा छेडायच्या थांबवल्या, कारण त्यात माझी गरज नव्हती, आणि असं मला कधी वाटत नाही.

तिसऱ्या फेरीला मावशीने पुन्हा पाय वर धरला. फार वेळ धरला. लाम्ब्रीनीही थांबली, तेवढीच. पाऊल टेकलं, बोटं टेकली.

"या सू, लाम्ब्रीनी!"

सगळ्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी लाउतो मांडीवर टाकून दोन्ही हात वर केले, देवाशपथ मी नाही.

"मेल्यांनो, त्याच्याकडे काय बघता?" वासिलोमावशी खेकसली. "मी ओरडले! या सू, लाम्ब्रीनी! बापाचा हात आहे हा!"

मग नाचणारी सगळी रांगच ओरडली. लाम्ब्रीनीने मान वर केली नाही. मावशीच्या पायावरची नजर तिने नाच संपेपर्यंत काढली नाही, पण नाकावरून पाणी पॅडवर टपकत होतं आणि ती मध्येच ते बाहीने पुसत होती.

लाझारोसने क्लॅरिनेट पेटीत ठेवताना सांगितलं, "पंधराला सात वाजता ये. आणि त्या डब्यातल्या कित्सोला घरी ठेवून ये."

दोन दिवसांनी मी तिच्या स्वयंपाकघरात गेलो, न बोलावता. मधला जोराचा ठोका पुन्हा घेतला, वीस वेळा. मी डफ धरला आणि ओठ दाताखाली. तिने नवा ठोका जागेवर बसवला. मग मी बघतो तर जुना ठोका, माझ्या बोंबेसकट, तिने कोपऱ्यातल्या रिकाम्या आठव्या चौकोनात नेऊन ठेवलेला.

"ते पूस की," मी म्हणालो. "नाचक्की झाली तेवढी पुरे."

"नाही पुसणार."

"का?"

ती डाव्या हाताची ती दोन बोटं एकेक करून वाकवत होती, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम. "फेब्रुवारीपासून सगळे म्हणत होते, हिचं संपलं. तूसुद्धा म्हणत होतास. आणि तरी या बंद खोलीत, कोणी ऐकायला नसताना, तू माझं नाव घेऊन ओरडलास. ते तू मुद्दाम नाही केलंस, कुंबारे. म्हणून ते मी ठेवणार."

कुंबारे म्हणाली. मला राग आला. रडू यायला लागलं की मला राग येतो, तो माझा स्वभावच आहे. मी म्हणालो, पीता उरलीय का काल-परवाची, की तीही फ्रीज बंद ठेवून घालवलीस? ती पीता गरम करायला उठली, आणि मी खिडकी उघडून शेळ्यांच्या घंटा ऐकत उभा राहिलो. डफ अजून माझ्या हातातच होता.